टाळकऱ्यांनी न उचललेले प्रमाण

रामकृष्णहरी, माउली.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही एका धार्मिक संस्थेच्या महाविद्यालयात संतसाहित्य आणि मूल्यशिक्षण शिकवता. मुले निबंध, प्रवचनाचे टिपण, अगदी प्रार्थनासभेत बोलायचे चार शब्दसुद्धा चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. प्राचार्यांना बंदी हवी आहे, संस्थाचालकांना नियमावली हवी आहे. तुम्ही वर्गात विषय काढलात की मुले मान खाली घालून 'हो सर' म्हणतात आणि तिथेच तो संपतो. त्यांच्याशी यावर बोलायचे कसे?

मी सांगतो ते आळंदीच्या अनुभवावरून. बावीस वर्षे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवले आणि आता इथे मोठ्या मुलांना ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकवतो. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिचा चार वर्षांचा अभ्यासक्रम डोळ्यांपुढे ठेवून गावात पुढे अनेक लहानमोठ्या संस्था निघाल्या, त्यांतल्या एका छोट्या संस्थेत मी असतो. आमची बरीच मुले पहाटे काकडा, दुपारी पाठ आणि सोबत मुक्त विद्यापीठाचे बी.ए. असा दुहेरी संसार करतात. म्हणजे एकाच मुलाला एक गुरुजी सांगतात, 'पाठ करून जसेच्या तसे म्हण', आणि दुसरे सर सांगतात, 'स्वतःच्या शब्दांत लिही'. हे ध्यानात ठेवा, कारण माझी पहिली चूक नेमकी इथेच झाली.

मी चोरीपासून सुरुवात केली. २०२३ च्या पावसाळ्यात एका मुलाने नवव्या अध्यायावर निबंध दिला. भाषा छापील, वाक्ये घोटीव. मुलगा एरवी चार वाक्ये धड लिहीत नाही, त्यामुळे मला शंका आली. तो मजकूर मी यंत्राचे लिखाण ओळखणाऱ्या एका साइटवर टाकला आणि तिने खुशाल 'यंत्राचे' म्हणून सांगितले. मी भर वर्गात त्याला विचारले. तो काही बोलला नाही. संध्याकाळी हरिपाठानंतर खोलीवर आला तो मुखपृष्ठ गेलेले, कडा उंदरांनी खाल्लेले एक जुने पुस्तक घेऊन. आजोबांचे. आठव्या वर्षापासून त्याने त्यातली पानेच्या पाने पाठ केली होती आणि लिहिताना तीच हातातून उतरली. त्याच्या लेखी ही चोरी नव्हतीच, सेवा होती. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात मी त्याची माफी मागितली.

तेव्हा पहिला सल्ला असा की ती ओळखणारी साधने वर्गात आणू नका. मराठीत तर ती अगदीच बेभरवशाची आहेत. आणि 'कॉपी' हा शब्द आपल्याकडच्या मुलांपुढे टाकताना जपा, कारण घोकंपट्टी हा जिथे गुण मानला जातो तिथे विद्यापीठी नियमाचा हा शब्द पोरांच्या मनाला लागत नाही, नुसता दंडाच्या पावतीसारखा वाटतो. खरे सांगायचे तर एआय यायच्या कितीतरी आधीपासून आमची मुले यूट्यूबवरच्या गाजलेल्या कीर्तनकारांची नक्कल करत आली आहेत. चाल, हातवारे, विनोद, मध्येच घेतलेला पाण्याचा घोट, खोकलासुद्धा.

मग बोलायला सुरुवात कुठून करायची? आमच्यापुरते उत्तर आपोआप चालून आले.

आमच्याकडे गुरुवारी रात्री मुलांचे सरावाचे कीर्तन असते. एकाने उभे राहायचे, बाकीचे टाळकरी, एक पखवाजावर. ज्यांनी वारकरी कीर्तन फारसे ऐकलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: कीर्तनकार निरूपण करताना मुद्द्याच्या पुष्टीला संतवचन देतो, त्याला प्रमाण म्हणतात. तो अर्धा चरण म्हणतो आणि मागचे टाळकरी उरलेला उचलतात. कारण ते सगळ्यांना पाठ असते. कीर्तनकाराचे पाठांतर जितके, तितकेच मागच्यांचे.

त्या रात्री विषय होता मनाचा. मुलगा चांगला बोलत होता. भरात आला आणि त्याने प्रमाण टाकले, 'तुका म्हणे मन शांत ठेवा सदा…' आणि हात मागे केला. मागून काहीच आले नाही. टाळ थबकले. पखवाजवाला त्याच्याकडे बघत राहिला. त्याने पुन्हा म्हटले, पुन्हा शांतता. शेवटी त्याने स्वतःच पुढचा चरण म्हणून टाकला, 'जीवनात आनंदा प्राप्त व्हाल', आणि मागे एकाला हसू फुटले.

कीर्तन झाल्यावर मी कोणालाही रागावलो नाही. त्याला फोन घेऊन बसायला सांगितले. त्याने चॅटजीपीटीला विचारले होते, 'मनःशांतीवर तुकाराम महाराजांचा अभंग दे.' त्याने दिला, अर्थासकट, वर गाथेतला क्रमांकही. आम्ही गाथा काढली. त्या क्रमांकावर भलताच अभंग. मग मी सगळ्यांना म्हटले, अक्षरे मोजा.

हे तुम्हीही करून बघा, कारण याला व्याख्यान लागत नाही, बोटे लागतात. मोठ्या अभंगात पहिले तीन खंड सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. 'सुंदर तें ध्यान', सहा. 'उभें विटेवरी', सहा. 'कर कटावरी', सहा. 'ठेवूनियां', चार. दुसऱ्या-तिसऱ्या खंडात यमक. आता यंत्राचे मोजा. 'तुका म्हणे मन', सहा. 'शांत ठेवा सदा', सहा. 'जीवनात आनंदा', सात. तिथेच अडखळला. यमक मात्र बरोबर साधले होते, हे पोरांनीच दाखवून दिले. संतांच्याही रचनेत कुठे अक्षर कमीजास्त होते, म्हणून एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही. पण मग भाषा बघा. 'आनंदा प्राप्त व्हाल' हे तुकोबांचे मराठी की शुभेच्छापत्राचे? एक मुलगा म्हणाला, 'महाराज, हे तर सकाळी व्हॉट्सॲपवर येते तसे आहे.' त्याने नेमके निदान केले होते.

कारण यंत्र अभंग शोधत नसते. जमवलेल्या अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे हिशेबाने ठरवत ते अभंगासारखे काहीतरी जुळवत जाते. आमच्या मुलांना मी असे सांगतो: हजार कीर्तने ऐकलेला पण गाथा कधी न उघडलेला माणूस उभा राहिला तर जे बोलेल ते हे. सूर बरोबर, आधार नाही. आता ही साधने इंटरनेटवर शोधूनही उत्तर देतात, त्यामुळे थापा कमी झाल्या आहेत. पण इंटरनेटवर तरी काय आहे? कोणाचेही वचन कोणाच्याही नावावर.

आणि गंमत म्हणजे त्या मुलाला 'मन करा रे प्रसन्न' तोंडपाठ होता. खरे प्रमाण स्वतःच्या कंठात असताना तो फोनकडे गेला. का गेलास, विचारले तर म्हणाला, 'ते सगळेच देतात, मला वेगळे हवे होते.' इथे आमची खरी चर्चा सुरू झाली आणि ती रात्री साडेअकरापर्यंत चालली. 'वेगळे' कशासाठी हवे? सप्ताहात पुन्हा बोलावणे यावे म्हणून. व्हिडिओ चालावा म्हणून. मुले मोकळी बोलली, कारण विषय चोरीचा उरलाच नव्हता.

परंपरेतले दाखले हवेत तर दोन जवळ ठेवा. ते एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत म्हणून उपयोगी आहेत. पहिला सालोमालोचा. तुकोबा चिडून म्हणतात, 'सालोमालो हरिचे दास । म्हणउन केला अवघा नास', आणि पुढे, 'अवघें बचमंगळ केलें । म्हणती एकाचें आपुलें'. दुसऱ्याचे शब्द घेऊन आपले म्हणून मिरवणारा तो. दुसरा दाखला नाथांचा. ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० मध्ये. नकला करता करता तीनशे वर्षांत तिच्यात इतकी भर पडली, इतके पाठ बिघडले की १५८४ मध्ये एकनाथ महाराजांना ती शुद्ध करायला बसावे लागले. शेवटी त्यांनी बजावून ठेवले: 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली.' अमृताच्या ताटात करवंटी. हा अपराध सालोमालोच्या उलटा आहे: आपले शब्द दुसऱ्याच्या ग्रंथात घुसवणे.

मी मुलांना विचारले, यंत्राने केले ते यांतले कोणते? वाद झाला. एक गट म्हणाला सालोमालो, कारण ते कोणाकोणाचे लिखाण गिळून नाव न सांगता पुढे करते. दुसरा म्हणाला नरोटी, कारण 'तुका म्हणे' लावून स्वतःचे खपवते. शेवटी आमच्यातला सर्वांत अबोल मुलगा म्हणाला, 'दोन्ही यंत्राने केले, पण ताटात वाढले आपण.' मी फळ्यावर काही लिहिले नाही. गरज नव्हती.

सगळेच इतके सुरळीत जाते असे समजू नका. पुढच्याच आठवड्यात एकाने मला पेचात पकडले. म्हणाला, 'तुकोबाच म्हणतात ना, "साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धणी वेगळाची". महाराजांचे शब्द त्यांचे नाहीत, देवाचे आहेत. मग माझे शब्द चॅटजीपीटीचे असले तर काय बिघडले? मी पण साळुंकीच.'

वर्ग हसला, मीही हसलो, आणि खरे सांगतो, उत्तर लगेच सुचले नाही. मागून कोणीतरी म्हणाले, 'पण तुझा धनी अमेरिकेत आहे.' पुन्हा हशा. पण तो हशा कामाचा निघाला. साळुंकीला कोणी शिकवले, काय देऊन शिकवले, ती कोणाच्या अंगणात बोलते आणि दाणे कोणाला मिळतात, यावर पाऊण तास गेला. एआयच्या मालकीची, पैशाची, कोणाच्या लिखाणावर ते पोसले याची चर्चा मी वेगळी मांडली असती तर अर्धा वर्ग झोपला असता. 'धनी' या एका शब्दाने ती झाली.

साळुंकीच्या बाजूने मी एवढेच मांडले. दुष्काळात दुकान बसले, घरातली माणसे गेली, भामचंद्र आणि भंडारा या डोंगरांवर एकांत झाला, त्यानंतर तुकोबा 'माझे काही नाही' म्हणतात. ज्याच्याजवळ होते त्याने ते सोडले. दुसरीकडे तेच सांगतात, 'अनुभवें आलें अंगा । तें या जगा देतसें', आणि पुढे, 'मूळ ओल अंतरिंची'. मुलाचे समाधान झाले नाही. तो म्हणाला, 'मला अजून अनुभव नाही, मी एकोणीस वर्षांचा आहे. तोवर मी काय बोलू?' हा प्रश्न एआयचा नव्हता आणि वर्षभराने का होईना, तो विचारला गेला याचे मला फार बरे वाटले. उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत. तूर्त आमच्याकडे एकोणिसाव्या वर्षी बोलायचे ते प्रमाणावर बोट ठेवून बोलायचे, एवढा संकेत आहे.

आता एक गोष्ट जी नियमावलीत कधीच येत नाही आणि माझ्या मते सर्वांत जड आहे. आपण निबंधाच्या मागे लागलेलो असतो, पण मुले रात्री यंत्राशी बोलतात ती वेगळ्याच कारणाने. एका मुलाने मला स्वतःहून फोन दाखवला. मध्यरात्री उलटून गेल्यावर त्याने लिहिले होते की कीर्तनात मन लागत नाही, चाकणच्या एमआयडीसीत मित्राने काम बघितले आहे, जाऊ का. उत्तरात आठ मुद्दे. समतोल साधा, ध्यान करा, मोठ्यांशी बोला, 'तुमचा प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे'. वाईट काहीच नव्हते. मी विचारले, 'त्याने तुला उलट काय विचारले?' म्हणाला, 'काही नाही. माझे बरोबर आहे म्हणाला.'

सकाळी मी त्याला आमच्या विणेकरी बाबांकडे पाठवले. वय ऐंशीच्या पुढे, शाळा दुसरीपर्यंत. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, 'घरी कर्ज किती?' मुलगा रडला. कर्ज होते, बापाने सांगू नको म्हटले होते. पुढे तो सहा महिने चाकणला गेला आणि परतही आला, ते असो. पण हा प्रसंग (त्या मुलाच्या परवानगीने) मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. निंदकाचे घर शेजारी असावे म्हणतात. या यंत्राचा कल सहसा उलटा, मान डोलावण्याचा. एकाकी पोराला हो म्हणणारा शेजारी चोवीस तास मिळाला तर तो गुरूकडे कशाला येईल? आणि हेही विचारा स्वतःला, की मध्यरात्री त्याने आपले दार वाजवले असते तर आपण उघडले असते का. मी उघडले नसते. आता आठवड्यातून दोन रात्री मी ओसरीवर उशिरापर्यंत बसतो.

दुसऱ्या धर्मांतही हीच ठेच लागते आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक आन्सर्स या संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा एआय पाद्री आणला. तो लोकांचा कबुलीजबाब ऐकून पापक्षमा देऊ लागला, तेव्हा इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच त्याचा झगा उतरवून नुसता 'जस्टिन' करावा लागला. आपल्याकडे त्याआधी वर्षभर कृष्णाच्या तोंडून उत्तरे देणारे गीतेचे चॅटबॉट येऊन गेले होतेच. व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी 'अँटिक्वा एट नोव्हा' नावाने एआय आणि मानवी बुद्धीवर एक सविस्तर टिपण काढले. तुमची संस्था ज्या परंपरेची असेल तिथला असा एखादा दाखला शोधा. मुलांना फादर जस्टिनची गोष्ट फार आवडते. मग मी विचारतो, झगा कशामुळे उतरला? यंत्राला काय येत नव्हते? शब्द तर सगळे येत होते. यावर मुले 'अधिकार' हा शब्द स्वतःहून आणतात. तुम्ही आधी उच्चारू नका.

बंदीबद्दल प्राचार्यांना काय सांगायचे? सांगा, की बंदी वर्गापुरती चालते, वसतिगृहात चालत नाही, आणि बंदी असलेल्या गोष्टीवर मूल तुमच्याशी बोलत नाही. शिवाय यंत्राचा उपयोग आहे, तो नाकारला तर मुले आपल्याला जुनाट ठरवून मोकळी होतात. संस्कृत श्लोकाचा पदच्छेद समजून घ्यायला, मुक्त विद्यापीठाच्या अवघड पुस्तकी भाषेतला मुद्दा सोपा करून घ्यायला, परदेशातल्या मराठी मंडळात बोलावणे आले तर तिथे वाढलेल्या पोरांसाठी इंग्रजीत चार वाक्ये तयार करायला आमची मुले ते वापरतात आणि मी अडवत नाही. पदच्छेद मात्र तपासून घ्यावा लागतो. पण हाताने गाथा चाळत बसणे, एका ओवीपाशी आठ दिवस अडून राहणे, हे यंत्राला देऊ नये, इतके मी हट्टाने सांगतो. 'खादल्याची गोडी देखिल्यासी नाहीं । भार धन वाही मजुरीचें.' हमालाकडे भार असतो, धन नसते.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. वर्गात छापील गाथा हवी, दोन मुलांत एक तरी, कारण मोबाईलवरच्या गाथेतही टंकनाच्या चुका सापडतात. अभंगाचा क्रमांक सांगताना कोणती प्रत ते सांगायची सवय लावा. शासनाने १८६९ ते १८७३ या काळात शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम पंडित यांच्याकडून हस्तलिखिते ताडून घेऊन छापलेल्या गाथेत साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत, इतर प्रतींत संख्या आणि क्रम दोन्ही वेगळे. निबंधापेक्षा तोंडी विचारा: दहा मिनिटे समोर बसवून एका चरणावर बोलायला लावले की काय खाल्ले आणि काय नुसते बघितले ते कळते. आणि पहिल्याच दिवशी आपण स्वतः यंत्र कशासाठी वापरतो ते सांगून टाका. मी प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा त्याच्याकडून करून घेतो. हे कबूल केले त्या दिवसानंतर मुले फोन लपवेनाशी झाली.

नियमावली आम्हालाही द्यावी लागली. मुलांना सोबत घेऊन पाच वाक्ये लिहिली. संतवचन छापील ग्रंथात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उच्चारायचे नाही. यंत्राची मदत घेतली तर विचारण्याआधी सांगायचे. दुसऱ्याचे खाजगी दुःख यंत्रात टाकायचे नाही. चुकीचे प्रमाण दिले गेले तर पुढच्या कीर्तनात उभे राहून दुरुस्त करायचे. पाचवे मुलांनी घातले: हे चारही नियम शिकवणाऱ्यांनाही लागू. व्यवस्थापनाने मंजूर करताना पाचवे तेवढे गाळले. आमच्या वर्गाच्या भिंतीवर पाचही लावलेले आहेत, आणि मागच्या महिन्यात चौथ्या आणि पाचव्या कलमाखाली मलाच एका ओवीसाठी उभे राहावे लागले.